एकाच चौकटीत दोनदा

"तुम्हाला पर्स्पेक्टिव्ह येतं, जवळचं मोठं आणि लांबचं लहान काढता येतं, मग मध्ययुगातल्या चित्रकारांसारखी घरांपेक्षा मोठी माणसं का काढता?" माझी चित्रं पाहणारे हे हमखास विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

सिमोने मार्तिनी या इटालियन चित्रकाराने १३२८च्या सुमारास आगोस्तिनो नोव्हेल्लो या साधूचे चमत्कार रंगवले. ते चित्र इटलीतल्या सिएना शहरात आहे. त्यातल्या एका प्रसंगात बाल्कनीची फळी निखळलीय आणि मूल खाली कोसळतंय. साधू आकाशातून उलटा झेपावतोय, निखळलेली फळी त्याने वरच्या वर धरलीय. आणि खाली, त्याच गल्लीत, तेच मूल घरच्यांमध्ये धडधाकट उभं आहे. काळजाचा ठोका चुकतो तेवढ्यात सुटकाही दिसते. मग नजर पुन्हा वर जाते, पुन्हा खाली येते. हे मला कुठल्याही हुबेहूब चित्रापेक्षा खरं वाटतं, कारण संकट आठवताना आपणही ते असंच आठवतो, शेवटासकट.

आल्बेर्ती या इटालियन विद्वानाने १४३५ साली यथार्थदर्शनाचे, म्हणजेच पर्स्पेक्टिव्हचे, नियम लिहून ठेवले. ते मोलाचेच आहेत. पण ते पाहणाऱ्याला एका जागी, एका क्षणात उभं करतात, आणि मला जे काढायचंय ते एका क्षणात मावत नाही. सध्या आयसीयूबाहेर थांबलेली एक बाई रंगवतेय. ती चित्रात तीनदा आहे: जिना चढताना, बाकावर, आणि डॉक्टरांसमोर. बाकावरची दरवाजापेक्षा मोठी आहे, कारण तिचा सगळा दिवस तिथेच गेलाय. नियमाने काढली तर लांबलचक कॉरिडॉरच्या टोकाला ती ठिपक्याएवढी होईल. तसं करायला माझा हात धजत नाही.

रंगही त्याच घराण्यातले, अंड्याच्या बलकात कालवलेले. बघता बघता वाळतात, त्यामुळे ओल्यावर ओला रंग मिसळता येत नाही. बारीक ब्रशने रेघेशेजारी रेघ ओढत जायचं. चेहऱ्याला आधी हिरव्या मातीचा थर देते, सिएनाचे चित्रकार देत तसा, आणि त्यावर गुलाबी रेघा. जुन्या चित्रांतला वरचा गुलाबी बऱ्याच ठिकाणी झिजला आणि चेहरे हिरवट दिसू लागले. या बाईच्या चेहऱ्यावर मी गुलाबी मुळातच कमी ठेवलाय. रात्रभर जागलीय ती.

सोन्याचा वर्ख दारावरच्या दिव्याला लावावा का, ते अजून ठरत नाहीये. सोनं आलं की नजर आधी तिकडे धावते, आणि मला ती बाईवर हवी आहे.