तुम्ही विचारलंत म्हणून: 'रेन इन ब्लड'मध्ये ऐकायचं काय, आणि पहिल्या गाण्याचं काय करायचं

स्लेअर ह्या अमेरिकन मेटल बँडच्या ह्या अल्बमबद्दल मला दोनच प्रश्न विचारले जातात. पहिला मोठ्या आवाजात आणि हसत येतो: "या गोंगाटात ऐकण्यासारखं आहे तरी काय?" दुसरा जरा चाचरत येतो: "मेंगेलेवरच्या, त्या ऑश्विट्झच्या नाझी डॉक्टरवरच्या गाण्याने सुरू होणारा अल्बम तुम्ही ऐकता तरी कसा?" पहिल्याचं उत्तर माझ्याकडे पक्कं आहे आणि ते देताना मला चेव चढतो. दुसऱ्याचं उत्तर देता देता मी हळूच पहिल्याकडे सरकतो, हे तुमच्यातल्या काहींनी बरोबर हेरलंय. म्हणून दोन्ही इथे एकदाच लिहून टाकतो. थ्रॅश म्हणजे हेवी मेटलचा सुसाट वेगाचा प्रकार, हे विचारणाऱ्यांना माहीत असतंच, त्यात जास्त वेळ घालवत नाही.

गोंगाटात कुठला आवाज कुठून आला ते सांगता येत नाही. इथे प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो आणि त्यामागे साधं गणित आहे. 'एंजल ऑफ डेथ', म्हणजे तेच पहिलं गाणं, मिनिटाला साधारण २१० मात्रांच्या लयीत धावतं. एका मात्रेचे चार भाग केले की सेकंदाला १४ आघात. आता ड्रमवर सेकंदभर रेंगाळणारा रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, टाकून बघा. एका आघाताची शेपूट पुढच्या चौदांवर पसरते, त्या चौदांच्या शेपट्या त्यांच्या पुढच्यांवर, आणि अर्ध्या मिनिटात नुसता लगदा होतो. ह्याच बँडच्या १९८५ च्या 'हेल अवेट्स'मध्ये हे झालेलं आहे. रिफ, म्हणजे गिटारचे पुन्हा पुन्हा येणारे तुकडे, एकाहून एक आहेत, पण सगळं विहिरीच्या तळातून आल्यासारखं ऐकू येतं.

१९८६ मध्ये निर्माता म्हणून रिक रुबिन आला. तो डेफ जॅम ह्या रेकॉर्ड कंपनीचा, म्हणजे हिप-हॉपवाला. हिप-हॉपमध्ये ठोका कोरडाच लागतो. त्याने इंजिनियर अँडी वॉलेसला हाताशी धरून घुमारा जवळजवळ पुसून टाकला, ड्रम अगदी पुढे आणले, गिटारच्या तारेवर पिक लागल्याचा खरखरीत आवाज तसाच ठेवला. ह्या कोरडेपणाबद्दल मला अजून बरंच म्हणायचंय, पण आधी ऐकायची सोय बघू.

ऐकताना हमखास बिघडतं ते असं. एकाच डब्याचा छोटा स्पीकर असेल तर डावी-उजवी बाजू एकत्र होते. ह्या अल्बमवर दोन गिटार दोन बाजूंना आहेत आणि दोन्ही तीच रिफ वाजवत असतात. एकत्र केल्या की त्यांची भिंत बनते आणि मधल्या ड्रमला जागाच उरत नाही. साधे वायरवाले हेडफोनसुद्धा त्याहून बरे. बेस बूस्ट बंद ठेवा. गायक टॉम अरायाचा बेस गिटारच्या पावलावर पाऊल टाकून चालतो, वेगळा असा फारसा ऐकू येत नाही, आणि तो शोधायला खालची पट्टी वाढवली की फक्त बेस ड्रम फुगतो. प्लेयरमधला क्रॉसफेड, म्हणजे एका गाण्याचा शेवट पुढच्यात मिसळण्याची सोय, काढून टाका. 'ऑल्टर ऑफ सॅक्रिफाइस' थेट 'जीझस सेव्ह्ज'मध्ये शिरतं आणि 'पोस्टमॉर्टम' थेट 'रेनिंग ब्लड'मध्ये, त्या जोडांवर कृपा करून काही लावू नका. शफल तर नाहीच. आणि १९९८ च्या नव्या आवृत्तीत शेवटी दोन जादा गाणी चिकटवली आहेत. दहाव्या गाण्यानंतर बंद करा. तो शेवट ज्याने बांधला त्याने पुढे काही वाजेल असं धरलेलं नव्हतं.

आता मोजायचं कसं? नवखा माणूस प्रत्येक ठोक्याला पाय आपटायला जातो आणि वीस सेकंदांत हरतो. गिटारकडे दुर्लक्ष करा, फक्त स्नेअर, म्हणजे टाक् असा कडक वाजणारा ड्रम, ऐका. थ्रॅशचा ठेका म्हणजे बेस ड्रम आणि स्नेअर एकाआड एक, धड्-टाक्-धड्-टाक्. पाय अर्ध्या लयीत टाका, मिनिटाला १०५. ही चालण्याच्या जवळपासची लय आहे, कोणालाही जमते. एकदा ती पायात बसली की वरचा सगळा वेग तिची दुगुन-चौगुन म्हणून उलगडतो. ड्रमर डेव्ह लोंबार्डो लय कुठे जराशी पुढे ओढतो, कुठे झेपेने टॉम-टॉम ड्रमवर उतरून वेळेत परत येतो, ते दिसायला लागतं. मशीनवर वाजवलेल्या थ्रॅशमध्ये ही ओढ नसते, म्हणून ते मला पाच मिनिटांत कंटाळवाणं होतं.

मग रिफ. तारा अर्धा स्वर खाली उतरवलेल्या आहेत. उजव्या तळहाताची कड ब्रिजवर, तार जिथे टेकते तिथेच ठेवायची. एक सेंटिमीटर पुढे सरकली तर आवाज मरतो, मागे सरकली तर तार मोकळी गुंजते, आणि ह्या वेगात दोन्ही चुका लगेच चव्हाट्यावर येतात. कॉर्ड म्हणजे नुसते षड्ज-पंचम. गंधार घेत नाहीत, कारण इतक्या डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे मुद्दाम फाडलेल्या आवाजात, तिसरा स्वर घातला की स्वर एकमेकांवर आपटून चिखल होतो. गंधार नाही म्हणजे राग कुठला, मूड कुठला याचा नेहमीचा इशाराही नाही. सगळा ताण कोमल रिषभ आणि तीव्र मध्यमावर येतो, आणि तो सोडवायची कोणाला घाई नसते. सोलोंबद्दल मात्र मी वकिली करणार नाही. जेफ हॅनमन आणि केरी किंग हे दोघेही गिटारवादक व्हॅमी बार, म्हणजे तारा ताणणारा-सैल करणारा दांडा, पकडून स्वरांबाहेर किंचाळतात. त्यात चाल शोधू नका, नाही सापडणार. काही ठिकाणी ते बरोबर बसतं, काही ठिकाणी नुसती जागा भरलेली आहे.

दहा गाणी, २९ मिनिटं. त्याच वर्षी आलेला मेटॅलिकाचा 'मास्टर ऑफ पपेट्स' आठ गाण्यांत जवळजवळ ५५ मिनिटं घेतो. इथे पहिलं आणि शेवटचं गाणं चार मिनिटांच्या वर, मधली बहुतेक दोन ते तीन, 'नेक्रोफोबिक' तर दोनाच्याही आत. कॅसेटच्या एका बाजूला अख्खा अल्बम मावायचा. आता खरं सांगायचं तर 'रीबॉर्न' आणि 'एपिडेमिक' मी आजही एकमेकांपासून चटकन वेगळी काढू शकत नाही, आणि सैतानाबितानाचे शब्द पोरकट आहेत. ते कोणी गंभीरपणे घेतले तर मला हसू येतं. पण पहिल्या गाण्याच्या शब्दांना हसता येत नाही, आणि अडचण तिथूनच सुरू होते.

योझेफ मेंगेले मे १९४३ ते जानेवारी १९४५ ऑश्विट्झमध्ये डॉक्टर होता. युद्धानंतर दक्षिण अमेरिकेत पळाला, कधीच पकडला गेला नाही, १९७९ मध्ये ब्राझीलच्या समुद्रात बुडून मेला. हे जगाला कळलं १९८५ च्या जूनमध्ये, साओ पावलोजवळची कबर उकरल्यावर. अल्बम आला तो पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरात. हॅनमनने दौऱ्यावर असताना मेंगेलेवरची पुस्तकं विकत घेऊन वाचली आणि गाणं लिहिलं. डेफ जॅमचं वितरण करणाऱ्या कोलंबियाने हे शब्द आणि लॅरी कॅरोलचं मुखपृष्ठ बघून अल्बम बाजारात आणायला नकार दिला. शेवटी गेफन कंपनीने तो ७ ऑक्टोबर १९८६ ला आणला, तोही स्वतःच्या अधिकृत यादीत न घालता. रेडिओने जवळजवळ वाजवलाच नाही, तरी तो बिलबोर्डच्या अल्बमांच्या यादीत ९४ पर्यंत चढला. छळातून वाचलेल्यांनी आणि त्यांच्या घरच्यांनी संताप व्यक्त केला.

बँडचं म्हणणं नेहमी एकच: आम्ही नाझी नाही. हॅनमनचं म्हणणं साधारण असं की हा माणूस वाईट होता हे मी गाण्यात का सांगावं, ते उघडच नाही का? वर चाहते जोडतात की अराया चिलीत जन्मलेला, लोंबार्डो क्यूबात, हे कसले नाझी! हा युक्तिवाद मला कायम लंगडा वाटत आलाय. गाण्यातल्या शब्दांचा गायकाच्या जन्मगावाशी संबंध काय? शिवाय चाहत्यांच्या क्लबच्या नावातच 'वेअरमाख्ट', म्हणजे नाझी काळातल्या जर्मन सैन्याचं नाव, होतं, आणि हॅनमन जर्मन पदकं जमवायचा. त्याचे वडील दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेकडून लढले होते, काही पदकं त्यांनीच आणलेली. यावरून तो नाझी ठरत नाही. पण "उघडच नाही का?" असं विचारणाऱ्याने आजूबाजूला ह्या वस्तू मांडून ठेवल्या असतील तर ते तितकंसं उघड राहत नाही.

पूर्वी मी ठणकावून सांगायचो की हे गाणं म्हणजे माहितीपट आहे, थंडपणे नोंद करतं, बाजू घेत नाही. त्या जुन्या मला आता उत्तर द्यायचंय. शब्द समोर ठेवून बघ. गाणं "मी"पासून सुरू होतं. तू कसा मरावास हे मला कसं हवंय, असं बोलणारा तो "मी" खुद्द मेंगेले आहे आणि "तू" म्हणजे बळी, म्हणजेच हेडफोन लावून बसलेला तू. थोड्या वेळाने मेंगेले "तो" होतो. मग त्याला खाटीक म्हटलंय, हे खरं, पण मेलेल्यांच्या राज्याचा राजाही म्हटलंय. माहितीपट अशी पदवी देत नाही. आणि नोंद म्हणावी तर तीही नीट नाही. गोठवणाऱ्या पाण्यात माणसं बुडवून ठेवण्याचे प्रयोग गाण्यात मेंगेलेच्या खात्यावर टाकलेत. ते मुख्यतः दाखाऊच्या छावणीत, झिगमुंड राशर नावाच्या दुसऱ्याच डॉक्टरने १९४२-४३ मध्ये केले.

आता ही यादी गाण्यात कुठे येते ते ऐका. वेगाचा पहिला भाग संपतो, लय अर्ध्यावर उतरते आणि अल्बममधली सगळ्यात डौलदार रिफ सुरू होते. इतकी डौलदार की १९८८ मध्ये पब्लिक एनिमी ह्या हिप-हॉप गटाने हाच तुकडा उचलून त्यावर आपलं गाणं बांधलं. मान आपोआप हलते. मी ज्याला अर्ध्या लयीत पाय टाका म्हणालो, त्याला इथे काहीच करावं लागत नाही, गाणंच त्याच्या पायाशी येतं. आणि नेमकं इथे, बहुतेक ओळींत "तुझी कवटी", "तुझी कातडी" म्हणत, प्रयोगांची यादी वाचली जाते. वेगात शब्द निसटतात, इथे एकही निसटत नाही. रिव्हर्ब नसल्यामुळे तर अजिबातच नाही.

म्हणजे ध्वनीतल्या ज्या कोरडेपणाचं मी इतकं कौतुक केलं, तोच शब्दांतही आहे. रुबिनने घुमारा काढला, हॅनमनने निवाडा काढून टाकला. आघात होतो आणि पुढे काहीच उरत नाही, ना खोलीची जाणीव, ना लिहिणाऱ्याची भूमिका. तीच रिफ घुमाऱ्यात बुडवली असती किंवा शेवटी निषेधाचं एक कडवं जोडलं असतं तर गाणं सुरक्षित झालं असतं आणि कोणाच्या लक्षातही राहिलं नसतं. हे माझं उत्तर असायला हवं होतं. पण मग समोरून कोणी म्हणतं की लक्षात राहणं हे मेंगेलेवरच्या गाण्याचं यश कसं काय, आणि लक्षात राहतो तो कोण, बळी की तो? बळींपैकी एकाचंही नाव गाण्यात नाही. यावर माझ्याकडे बोलायला काही नाही.

शब्द सोडा, फक्त वाजवणं ऐका, हेही मी म्हणायचो, आणि हे मत मी अजून पुरतं टाकलेलं नाही. शेवटाकडे सोलो संपतात, गिटार एकदम थांबतात आणि लोंबार्डोचे दोन पाय एकटेच बेस ड्रमवर काही क्षण धावतात, मग सगळे एकदम परत कोसळतात. त्या क्षणांत ना शब्द आहेत, ना मेंगेले. प्रत्येक मेटल ड्रमरने ते घोटून बसवलंय आणि अजून बसवतात. एक सल्ला: शिकत असाल तर मिनिटाला १२० मात्रांवर सुरू करा, दोन्ही पायांचा आवाज सारखा येईपर्यंत वाढवू नका. डावा पाय हमखास कच्चा असतो आणि वेगात तोच घात करतो. पण हा तुकडा ज्या गाण्यात बसवलाय ते गाणं त्याला वाहून आणतं. चार मिनिटांचा ताण नसता तर तो नुसता सराव वाटला असता. आणि तो ताण कशाने आलाय ते वर लिहिलंच आहे.

मग तुम्ही विचारता, पहिलं गाणं गाळून ऐकलं तर चालेल का? चालेल. 'पीस बाय पीस'पासून लावा. २४ मिनिटं उरतात आणि मोजणं, तळहात, जोड, कोरडे ड्रम हे सगळं त्यात आहे. 'रेनिंग ब्लड'च्या सुरुवातीचे ते तीन-तीन ठोके आणि त्यावर येणारी रिफ तर मूळ क्रमात ऐकण्याइतकीच अंगावर येते. गाळणाऱ्याला मी भित्रा म्हणणार नाही, आणि न गाळणाऱ्याने स्वतःला धीट समजू नये. मी गाळत नाही. का गाळत नाही त्याची कारणं द्यायचं मात्र मी थांबवलंय. जी होती ती वर मीच खोडून ठेवली आहेत.