पेटीची तार

पेटी उघडेना. कडी मोडलेली, आणि तिच्या जागी कुणीतरी तार पिळून बसवलेली. मी पक्कड घेतली, तार कापली आणि तुकडे कचऱ्याच्या डब्यात टाकले. कुटुंबांचे जुने कागद स्कॅन करून त्यांची सूची करायची हे माझं काम. अशा पेट्यांना काय वाट्टेल ते बांधलेलं असतं.

"आजोबा पायलट होते," पेटी आणणाऱ्या बाई म्हणाल्या. पुरावा म्हणून फोटो: डकोटा विमानाच्या पंखापाशी शिडीच्या घोडीवर उभे, हसतायत. मागे विमान दिसलं की घरचे माणसाला पायलट करूनच सोडतात.

फोटो मोठा करून पाहिला. इंजिनावरचं काउलिंग, म्हणजे पत्र्याचं आवरण, उतरवलेलं होतं, म्हणून सिलिंडर मोजले. पुढच्या रांगेत सात, आणि त्यांच्या फटींतून मागच्या रांगेतले डोकावणारे. डकोटा म्हणजे डीसी-3 जातीचंच विमान. काही डीसी-3 विमानांना राइट सायक्लोन इंजिन असायचं, पण त्याचे नऊच्या नऊ सिलिंडर एका रांगेत. हे 14 सिलिंडरांचं प्रॅट अँड व्हिटनी ट्विन वास्प. आजोबांच्या हातात होती तेलकट चिंधी.

तळाशी परवान्याचं पुस्तक सापडलं. वर्ग ए आणि सी. जुन्या ब्रिटिश पद्धतीत ए म्हणजे विमानाच्या सांगाड्याची देखभाल, सी म्हणजे इंजिनाची. सी खाली लिहिलेलं: ट्विन वास्प.

"म्हणजे मेकॅनिक?" बाईंचा चेहरा उतरला. मला जरा रागच आला. म्हटलं, "अहो, काम झाल्यावर यांची सही पडल्याशिवाय पायलटला ते विमान उडवता येत नाही."

त्यांना पटलं ते मात्र माझ्या बोलण्यानं नाही, आजीच्या हिशोबाच्या वहीनं. साबण, रॉकेल, पुन्हा साबण. आणि मध्येच समासात "हे रात्री नाहीत". आजोबांच्या कामाच्या नोंदवहीशी तारखा लावून पाहिल्या. आजीनं सलग तीन रात्री लिहिल्या होत्या, तिथे आजोबांची एकच ओळ: डावं इंजिन बदललं, चालवून पाहिलं, सही. बाई दोन्ही वह्या शेजारी ठेवून बराच वेळ बोट फिरवत बसल्या. आजी त्यांना आठवत होती. रात्री दाराची कडी लावायला तिला कधीच आवडायचं नाही, एवढंच म्हणाल्या.

शेवटी एक पाकीट. आत बारीक स्टीलच्या तारेची गुंडाळी. "हे टाकून द्या," बाई म्हणाल्या. ती लॉकिंग वायर होती. इंजिनातल्या बोल्टच्या डोक्याला आरपार भोक असतं. त्यातून तार ओवून, पिळून शेजारच्या बोल्टला बांधतात. तीही अशा बाजूनं, की बोल्ट सैल व्हायला लागला तर तार त्याला घट्ट होण्याच्या दिशेला ओढते. टोक आत वळवतात, पुढच्या माणसाचा हात कापू नये म्हणून.

हे बाईंना सांगता सांगता मी थांबलो. डबा उलटा केला. सकाळचे तुकडे निघाले: पीळ सगळे एकसारखे, टोक आत वळवलेलं.

"हेही ठेवायचं?" बाईंनी विचारलं.

सूचीत शेवटची नोंद केली: कडीची तार, दोन तुकडे. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: पेटी उघडताना सूचीकारानं कापली.