ठोका पडला की आंधळा होणारा प्रोग्राम

देवगडच्या एका बर्फ कारखान्यात अमोनिया कॉम्प्रेसरला मधूनच ठोका पडत होता. जुलै संपत आलेला. १ ऑगस्टला मासेमारीबंदी उठली की ट्रॉलरवाले बर्फासाठी दारात उभे राहणार, म्हणून मालकांच्या जिवाला घोर. कंपन मोजायची व्यवस्था होती: कॉम्प्रेसरवर चार सेन्सर, एक डेटा कार्ड आणि लॅबव्ह्यूमध्ये, म्हणजे चित्रं तारांनी जोडून प्रोग्राम करायच्या भाषेत, कुणीतरी करून दिलेला प्रोग्राम. त्याच्या फाईली बघून ठरलं होतं की ठोका क्षणभराचा आहे, भिण्यासारखं काही नाही. मला कुडाळहून बोलावलं ते फक्त प्रोग्राम मध्येच अडकतो म्हणून.

ऑपरेटर काकांचं म्हणणं मात्र वेगळं होतं, बर्फाच्या साच्यांना ते डबे म्हणतात. "बाय, डबे सोडल्यार आवाज येता, आणि बराच वेळ येता. मी कधीपासून सांगतंय." ज्या माणसाचं आयुष्य त्या मशीनशेजारी गेलं, त्याच्या कानावर मी विश्वास ठेवते. म्हणून आधी घड्याळ लावलं. तासभर चाचणी चालवली आणि फाईल निघाली ५२ मिनिटांची. आठ मिनिटं गेली कुठे?

प्रोग्रामचं चित्र, म्हणजे ब्लॉक डायग्राम, उघडला. सगळा कारभार एकाच व्हाइल लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या एकाच फेरीत: कार्डाकडून कंपनाचे नमुने घ्यायचे, एफएफटी काढायचा (कंपनात कुठल्या वारंवारिता आहेत ते बघायचं गणित), आलेख रंगवायचा, टेक्स्ट फाईलमध्ये ओळी जोडायच्या. कंपन मर्यादेपलीकडे गेलं की इशाऱ्याची चौकट उघडायची आणि कुणी ओके दाबेपर्यंत लूप जागच्या जागी थांबायचा. काका हातातलं काम टाकून, ओले हात पुसत येऊन ते ओके दाबायचे.

तिकडे कार्ड थोडंच थांबतं? दर चॅनेलला सेकंदाला १०,००० नमुने येतच होते. या वेगाला डीएक्यूएमएक्स, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, स्वतःहून १०,००० नमुन्यांचा बफर (तात्पुरता साठा) ठेवतो, म्हणजे बरोबर एका सेकंदाचा. लूपला त्याहून उशीर झाला की न वाचलेल्या नमुन्यांवर नवे चढतात आणि पुढच्या वाचनाला −२००२७९ ही चूक येते. प्रोग्राम ती चूक गुपचूप पुसून मोजणी नव्याने सुरू करत होता. वेळेचा आकडा नमुने मोजून काढलेला, त्यामुळे फाईलमध्ये खाडा दिसायचा नाही, आधीचा आणि नंतरचा भाग जोडून एकसंध दिसायचा. ठोक्याची पहिली थाप नोंदली जायची, चौकट उघडायची, आणि पुढचा सगळा ठोका गायब. ज्या क्षणासाठी एवढे सेन्सर लावले, नेमका तोच क्षण टिपला जात नव्हता. हे लक्षात आलं तेव्हा मला खरोखर राग आला, कारण त्या फाईलींच्या भरवशावर कॉम्प्रेसर चालू ठेवला जात होता.

बफर वाढवून वेळ मारून नेता आली असती. पण ओके कधी दाबलं जाईल याचा नेम नसेल तर कुठलाच बफर पुरत नाही. मी प्रोड्यूसर-कन्झ्युमर रचना केली. जेट्टीवर होडीतून टोपल्या उतरवणारा लिलावात बोली लावत बसत नाही, तशी ही कामाची वाटणी. वरच्या लूपमध्ये दोनच गोष्टी: दर वेळी १,००० नमुने वाचायचे आणि क्यूमध्ये, म्हणजे मेमरीतल्या रांगेत, टाकायचे. खालचा लूप क्यूमधून उचलतो आणि एफएफटी, आलेख, फाईल बघतो. नमुन्यांची वायर वरच्या लूपमधून थेट खाली ओढली तर वरचा लूप संपेपर्यंत खालचा सुरूच होत नाही, लॅबव्ह्यूचा तो मूळ नियम आहे. म्हणून क्यू दोन्ही लूपच्या बाहेर आधी तयार करायचा आणि त्याचा रेफरन्स, म्हणजे पत्ता, दोघांना द्यायचा.

इशाऱ्याची चौकट काढून पॅनेलवर लाल दिवा ठेवला. टेक्स्टऐवजी टीडीएमएस ही मोजमापांसाठीची, झटपट लिहिली जाणारी फाईल घेतली. क्यूमध्ये किती तुकडे साचलेत तो आकडाही पॅनेलवर दाखवला, आणि याबाबत मी आग्रही आहे. चार चॅनेल म्हणजे सेकंदाला सुमारे ३२०,००० बाइट. खालचा लूप सरासरीने मागेच पडत राहिला तर क्यू मेमरी भरत जातो, तो काही जादू करत नाही. थांबवतानाही सांभाळावं लागतं. वरचा लूप थांबला की लगेच क्यू सोडून दिला तर त्यात उरलेले नमुने जातात. म्हणून शेवटी एक रिकामा अ‍ॅरे, म्हणजे नमुने नसलेला तुकडा, पाठवायचा. तो हाती आला की खालचा लूप थांबतो, मग क्यू सोडायचा.

दुपारी काकांनी तयार लाद्या काढून ताज्या पाण्याचे डबे टाकीतल्या अतिथंड मिठाच्या पाण्यात सोडले. कॉम्प्रेसरकडे गॅस नेणाऱ्या सक्शन लाईनवर हिमाचा पांढरा थर कॉम्प्रेसरच्या दिशेने सरकत आला आणि ठोके सुरू झाले. क्यूचा आकडा थोडा चढला, पुन्हा शून्यावर आला. फाईलमध्ये सलग चाळीसेक सेकंद ठोके होते, एकही नमुना न गळता.

मग कारण उघड होतं. मिठाच्या पाण्याच्या मानाने गरम असलेले डबे एकदम आत गेले की टाकी थंड करणाऱ्या कॉइलमधला अमोनिया जोरात उकळतो आणि गॅसबरोबर लिक्विडही कॉम्प्रेसरकडे ओढलं जातं. लिक्विड दाबलं जात नाही, त्यामुळे सिलिंडरच्या डोक्यावर स्प्रिंगने बसवलेलं सेफ्टी हेड उचलून आपटतं. त्याचा तो आवाज. मालकांनी आलेख बघून त्याच संध्याकाळी मशीन बंद ठेवलं. दुसऱ्या दिवशी हेड उघडलं तर डिस्चार्ज व्हॉल्व्हच्या एका पट्टीला तडा होता. पट्ट्या बदलल्या, कॉइलमध्ये अमोनिया सोडणारा एक्सपान्शन व्हॉल्व्ह थोडा आवळला, आणि डबे टप्प्याटप्प्याने सोडायचे ठरलं. किती डबे एका वेळी, हे काकांनीच ठरवलं.