मिठाची बरणी आणि चिरूट

भाच्याचा फोन श्रावणात आला. "मामा, गणपतीला येतोय. रत्नागिरीत सिगारचं एखादं बरं दुकान बघून ठेव. लाउंज असलं तर फारच छान." मी स्वतः ओढत नाही. पण मामा म्हटलं की भाच्याचे लाड आलेच, मग ते धुराचे का असेनात.

तो सिगार म्हणतो, मी चिरूट. शब्द मूळचा तमिळ, सुरुट्टु, म्हणजे गुंडाळलेलं. आमच्या गावाला तो परका वाटायचं खरं तर कारण नाही. ब्रह्मदेश म्हणजे चिरूटांचा मुलूख आणि तिथला थिबा राजा १८८६ पासून १९१६ साली वारेपर्यंत इथेच इंग्रजांच्या नजरकैदेत होता. त्याचा वाडा अजून उभा आहे. चिरूटाचं दुकान मात्र कुणी मागे ठेवलं नाही.

बरं दुकान ओळखायचं कसं, ते भाच्यानेच मला मुंबईत दाखवलं होतं. एका मोठ्या हॉटेलातल्या काचबंद खोलीत घेऊन गेला. मी मऊ सोफ्यांकडे बघत राहिलो तर म्हणाला, "सोफे काय बघतोस, काटा बघ." भिंतीवरचा दमटपणाचा काटा ६८ वर होता. चिरूटाला ६५ ते ७० टक्के दमटपणा लागतो. त्याखाली गेला की पान तडकतं, फार वर गेला की बुरशी धरते. एसी हवा सुकवतो, म्हणून नुसत्या गार शोकेसमध्ये मांडलेले चिरूट दिसले की तिथूनच मागे फिरायचं. काट्याची परीक्षाही त्याने सांगितली. ओलसर मीठ आणि काटा एका बंद डब्यात ठेवायचा, दुसऱ्या दिवशी काटा ७५ वर दिसला तर तो खरा.

हे ऐकून मला घरची मिठाची बरणी आठवली. हवा पंच्याहत्तरीपुढे गेली की मिठाला पाणी सुटतं. म्हणजे आई मृगापासून जी बरणी रोज चुलीजवळ सरकवायची, तो आमच्या घरचा काटाच की! फक्त तो पावसाळाभर एकाच जागी अडकलेला असायचा.

तर मी शोधाला निघालो. एसटी स्टँडजवळच्या टपरीवर चॉकलेटच्या बरणीशेजारी एक चिरूट उन्हात उभा होता. "इंपोर्टेड आहे," टपरीवाला म्हणाला. हातात घेतला तर वालाच्या वाळक्या शेंगेसारखा वाजला. दुसऱ्या ठिकाणी तो फ्रिजमध्ये, थंड पेयांच्या बाटल्यांमागे. तिथे मी खिशातून हातच काढला नाही.

शेवटी पेठेतल्या जुन्या तंबाखूच्या दुकानात शिरलो. पत्र्याचे डबे, तपकिरीची बरणी, विड्यांची बंडलं आणि तो वास. पावलं उंबऱ्यावरच थबकली. आजी मशेरी भाजायची तेव्हा अख्ख्या वाड्यात असा वास भरायचा. तव्यावर तंबाखू काळी पडेपर्यंत ती पदर नाकाला लावून परतत राहायची, आम्ही पोरं खोकत अंगणात पळायचो. मग ती पुडीत बांधून कनवटीला. पुढे पुढे तिच्या तोंडाला साधी लसणीची चटणीही सोसेना, तरी पुडी काही सुटली नाही.

दुकानदार काका ऐंशीच्या घरातले. चिरूट ते विकत नाहीत. पण भाचा मागच्या खेपेला विसरून गेलेला डबा मी बरोबर नेला होता. वरच्या दोन चिरूटांना बुरशीची पांढरी लव आली होती. काकांनी चांगल्यातला एक उचलला, कानाशी नेऊन दोन बोटांत हलकेच दाबला. "कुरकुरत नाही. पाणी जास्त झालंय." मग रिकाम्या डब्यात नाक घातलं. "लाकूड कडुनिंबाच्या नात्यातलं दिसतंय."

या लाकडाला स्पॅनिश सीडर म्हणतात. ते स्पेनचं नव्हे आणि सीडरही नव्हे. झाड अमेरिकेतलं, कूळ खरोखरच कडुनिंबाचं. काकांनी ते नुसत्या नाकाने सांगितलं. माझ्या मते रत्नागिरीत बरं दुकान हेच, माल नसला म्हणून काय झालं!

"खराब झालेले टाकून द्या. बाकीचे मलमलीने पुसा, डबा फडक्यात बांधा आणि आठ दिवस तांदळात पुरून ठेवा. तांदूळ पाणी ओढेल." पैसे विचारले तर त्यांनी हात हलवला, म्हणून मी उगाचच एक काडेपेटी घेतली.

घरी येऊन सांगितलं तसं केलं. फक्त बायकोला सांगायचं राहिलं.

गणपतीच्या आदल्या दिवशी भाचा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने त्याच्यापुढे उकड्या तांदळाची गरम पेज ठेवली, बाजूला लोणच्याची फोड. त्याने वाटी तोंडाजवळ नेली आणि तशीच धरली. एकदा हुंगली, परत हुंगली.

"मामा," तो हळूच म्हणाला, "माझा डबा कुठे ठेवलायस?"