नेहमी डावाच

जेवण झालं होतं, ताकाचं भांडं अजून टेबलावरच होतं, आणि मी गॅलरीतल्या खुर्चीत पाय वर घेऊन, इअरफोन कानात घालून भीमसेनजींचा मुलतानी राग लावला होता. दुपारी अडीचला मुलतानी म्हणजे जरा घाईच झाली, कबूल. पण त्याच्या खऱ्या वेळेला मला घरात निवांत बसू देतंय कोण? विलंबित चाललं होतं. तीन-चार आवर्तनं झाली असतील नसतील, भीमसेनजी हळूच उजवीकडे सरकून बसले.

मला सवयीनं कळलं. डावा गेला.

माझा नेहमी डावाच जातो. आजवर जेवढे इअरफोन वापरले, त्यांत उजवा आधी गेल्याचं एक उदाहरण आठवत नाही. त्यावर माझी एक उपपत्तीही आहे: फोन डाव्या खिशात, झोपणं डाव्या कुशीवर, बसमध्ये खिडकीचा गज डाव्या बाजूला. घरात या उपपत्तीला काडीची किंमत नाही.

मग ठरलेले उपचार झाले. पिन काढली, फुंकर मारली, परत घातली. जाळीवरून जुना टूथब्रश फिरवला. पिनेच्या मानेपाशी वायर दोन बोटांत धरून थोडी थोडी वाकवत राहिलो. पूर्वी गच्चीवर अँटेना फिरवणारा माणूस खाली ओरडायचा ना, "आलं का? आता? आता?", तसं. वायरचा एखादा कोन लागतो आणि आवाज येतो. मग श्वास रोखून बसायचं. एक इअरफोन मी असा रबरबँड गुंडाळून दीड वर्ष चालवला होता.

या वेळी कुठलाच कोन लागेना. भीमसेनजी उजवीकडेच.

आमच्याकडे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे. त्यात मेलेले इअरफोन आहेत. मेलेले तरी कसे म्हणू, उजवा चालू आहे ना सगळ्यांचा! म्हणून टाकवत नाहीत. डबा उघडला की आत सगळ्यांचा मिळून एकच गोळा झालेला असतो. ठेवताना मी प्रत्येकाची नीट घडी घालून ठेवलेली असते, हे शपथेवर सांगतो. २००७ साली अमेरिकेत दोघा शास्त्रज्ञांनी पेटीत दोरी घालून ती पेटी हजारो वेळा फिरवून पाहिली होती. काही सेकंदांत गाठी बसायच्या, त्याही एकाहून एक अवघड. या कामाला पुढे इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं ते पारितोषिक. मला हसू नाही आलं. कुणीतरी आपली बाजू घेतली असंच वाटलं.

यातला एक इअरफोन मी एकदा स्वतः दुरुस्त करायला घेतला होता. वायर कापली, तर आत केसासारख्या तारा, एक लाल, एक हिरवी, एक तांब्याच्या रंगाची. जोडीला जोडी पिळून वर चिकटपट्टी लावली. आवाज शून्य. बऱ्याच दिवसांनी कळलं की तो रंग म्हणजे तारांवर चढवलेलं लाखेसारखं कवच असतं. ते आधी जाळावं लागतं, तेव्हा कुठे तांबं तांब्याला भेटतं. मी आपली रेनकोट घातलेल्या दोघांची गळाभेट घडवत बसलो होतो.

डब्यातला सर्वांत चिवट इअरफोन दीडशे रुपयांचा. फूटपाथवर घेतलेला. पँटच्या खिशातून दोनदा वॉशिंग मशीनमध्ये जाऊन आला, वाळला, वाजला. आवाज मात्र बादलीत तोंड घालून गावं तसा. आणि ज्याचा आवाज ऐकून मी दुकानातच डोळे मिटले होते, तो साडेतीन हजारांचा पठ्ठ्या आठ महिन्यांत गेला. चांगला गळा आणि दीर्घायुष्य एका पत्रिकेत नसतंच बहुतेक. (त्याचा कुठला गेला, हे सांगायला नको.)

साडेतीनवरून आठवलं. या आकड्याशी आपलं जुनं नातं. मुहूर्त साडेतीन, देवीची पीठं साडेतीन, पेशवाईत शहाणेसुद्धा साडेतीन, त्यातले अर्धे नाना फडणवीस. तलवारीत कमी म्हणून अर्धे म्हणे; शेवटी राज्य चालवलं ते याच अर्ध्यानं. आणि इअरफोनची पिन साडेतीन मिलिमीटरची. तिचे पूर्वज थेट टेलिफोन एक्स्चेंजमधले, एकोणिसाव्या शतकातले; ऑपरेटर बायका पाटीवरच्या भोकांत जाडजूड पिना खोचून माणसं जोडायच्या, त्या पिना. एवढी शंभर-सव्वाशे वर्षं टिकलेली वस्तू. अ‍ॅपलनं २०१६ साली आयफोन ७ मधून ते भोकच बुजवलं आणि मागून बाकीचेही बुजवत सुटले. मी अजून भोकवाला फोन हुडकून घेतो. मुलगा त्याला 'पुरातत्त्व' म्हणतो.

इअरफोन घ्यायला मी पुण्यातल्या तपकीर गल्लीत जातो. पासोड्या विठोबाला लांबूनच नमस्कार करून आत शिरायचं, हातगाड्या आणि कुलरचे खोके चुकवत. दुकानात इअरफोन पारखायची माझी रीत ठरलेली आहे: नुसता तानपुरा ऐकायचा. गाणं नाही, तबला नाही. तानपुऱ्याची जवारी नीट ऐकू आली, तारेच्या टोकाला ती जी चमक असते ती कानात उतरली, तर इअरफोन पास. दुकानदार पोरगा एकदा माझ्याकडे दोन मिनिटं बघत राहिला आणि म्हणाला, "काका, गाणं अडकलंय. दुसरं लावा ना."

त्याचं दुसरं म्हणजे बेसवालं. "बेस बघा काका, दणका आहे." दणका असतोच. त्या दणक्यात साधा डग्गा घुमला तरी विसर्जनाला लक्ष्मी रोडवर उभं असल्यासारखं वाटतं. खर्जाची अशी सूज मला सोसत नाही. पण त्या पोरानंच मला एक खरी गोष्ट शिकवली. मी एक इअरफोन 'पातळ' म्हणून नापास करत होतो. त्यानं मुकाट्यानं त्याचं मधलं रबर काढून मोठं बसवलं. कानाचं भोक पूर्ण बुजलं आणि अचानक खालचा सा भरून आला. फट राहिली की खर्ज गळून जातो, मग यंत्र कितीही भारी असो. त्या दिवसापासून मी यंत्रांविषयी कमी बोलतो.

माझ्या आयुष्यातला पहिला इअरफोन एकाच कानाचा होता. सदाशिव पेठेतल्या वाड्यात आप्पांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा, चामड्याच्या कव्हरातला ट्रान्झिस्टर होता. कव्हराला बाजूला टिचबटणाचा एक छोटा खिसा, आणि त्या खिशात दुधी रंगाचं बोंड आणि हातभर वायर. एरवी ट्रान्झिस्टर मोठ्यानंच वाजायचा. बोंड निघायचं ते शनिवारी रात्री साडेनऊला, आकाशवाणीच्या संगीताच्या अखिल भारतीय कार्यक्रमाला. कारण माई, म्हणजे आजी, नऊला झोपायची आणि पलीकडच्या बिऱ्हाडाची भिंत म्हणजे नुसता फळ्यांचा पडदा. त्या दिवशी सकाळी सेल कठड्यावर उन्हात मांडलेले असायचे. उन्हानं त्यांच्यात जीव येतो अशी आप्पांची श्रद्धा होती, आणि यायचाही थोडा.

आप्पा खाटेवर भिंतीला टेकून बसायचे. बोंड उजव्या कानात, आणि डाव्या बाजूला मी. दिवा मालवलेला, ट्रान्झिस्टरचा काटा तेवढा दिसायचा. मला ऐकू काहीच यायचं नाही. मी आप्पा बघायचो. भुवया वर गेल्या की कोणीतरी वर गेलंय. मान हलायला लागली की तबला सुरू झाला. मग आप्पांचा हात माझ्या गुडघ्यावर यायचा आणि ताल तिथे चालायचा. तालातली 'खाली', म्हणजे बिनटाळीची जागा, आली की बोटं हलकी पडायची, आणि समेला पूर्ण पंजा. कधी लय चढली की गुडघा दुखायचा. मला तोवर झपताल म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण गुडघ्याला माहीत होतं.

कानात बोंड असलेल्या माणसाला आपला आवाज कळत नाही. मध्येच आप्पा "क्या बात है!" असे ओरडायचे की आतून माई दचकून उठायची. "अहो, वाडा झोपलाय!" पलीकडून खोकल्याचा आवाज. आप्पांना पत्ता नाही.

क्वचित, फार मनात आलं तर, बोंड काढून ते माझ्या कानात घालायचे. "घे, दोन मिनिटं." बोंड गरम असायचं आणि त्याला हिन्याचा वास यायचा. आत कुठेतरी खूप लांब, काडेपेटीत कोंडलेल्या सोनकिड्यासारखं काहीतरी कुरकुरत असायचं. हे ऐकून आप्पा ओरडतात? मी दोन मिनिटं व्हायच्या आतच बोंड परत द्यायचो आणि गुडघा पुढे करायचो.

मी विचारायचो, "आप्पा, आता कोण गातंय?" उत्तर यायचं नाही. "तंद्री लागली की त्यांना हाक ऐकू येत नाही," माई सांगायची.

सोनीनं १९७९ साली पहिला वॉकमन काढला, त्याला दोन इअरफोनसाठी दोन भोकं होती. वर एक नारिंगी बटण. ते दाबलं की गाणं हळू होऊन एकमेकांशी बोलता यायचं. एकट्यानंच ऐकत बसणं बरं दिसत नाही, असं तेव्हा बनवणाऱ्यांनाही वाटत होतं. पुढे ते भोकही गेलं, बटणही गेलं. झेड ब्रिजवरच्या जोड्यांनी मात्र वायर अर्धी-अर्धी वाटून घेऊन आपली सोय लावली. वायर आखूड, त्यामुळे डोकी जवळ आणावीच लागायची. आता बिनवायरचे आलेत. एक तिला द्या आणि खुशाल दोन हात लांब बसा. कसली प्रगती?

मुलाकडे ते डबीतले आहेत. रात्री झोपताना तो ते कानांतून काढतो, डबीत ठेवतो, टक् करून झाकण लावतो. मला आप्पांची कवळी आठवते. त्यांची डबी पाण्याची, याची चार्जिंगची. आप्पा दात काढून झोपायचे, हा कान काढून झोपतो. दोन वर्षं झाली तशी त्यातली बॅटरी तासाभरात माना टाकायला लागली. ती बदलत नाहीत म्हणे, अख्खा जोडच बदलायचा. एवढ्याशा बोंडात बॅटरी आहे हेच मला आधी पटत नव्हतं. पण यंत्रातलं त्याला कळतं. एकदा माझ्या त्या साडेतीन हजारवाल्याकडे बघून म्हणाला, "बाबा, तुझ्या ह्याच्यात बॅलन्स्ड आर्मेचर आहे. मूळचं कर्णयंत्रातलं." मी म्हटलं, "बरं."

तर त्या दुपारी मी हातातला इअरफोन घेऊन तडक तपकीर गल्ली गाठली. गल्लीच्या आतल्या टोकाला मोबाइल दुरुस्त करणारा एक मुलगा बसतो, डोळ्याला भिंग लावून. त्यानं दोन्ही बोंडं आपल्या कानांत घातली. वायर हलवली. मग अदलाबदल करून घातली.

"डावा ओके आहे, काका."

"नाही, मंद झालाय. वरचं काही येत नाही त्यात."

"उलटे घालून बघा."

एवढ्या वर्षांत हे मी कधी केलं नव्हतं. बोंडावर एल आणि आर लिहिलेलं असतं आणि मी लिहिलेलं पाळतो. शिवाय उलटे घातले की डाव्या पायातली चप्पल उजव्यात घातल्यासारखं टोचतं. पण घातले. आर डावीकडे, एल उजवीकडे. मुलतानी लावला.

भीमसेनजी जागचे हलले नाहीत.

मुलानं पैसे घेतले नाहीत. "काही केलंच नाही काका," म्हणाला, आणि पुढचा फोन उघडला.

कानाच्या डॉक्टरांनी आधी आत दिवा मारून पाहिलं. मळ असेल अशी मला फार आशा होती. नव्हता. मग काचेच्या छोट्या खोलीत बसवलं, डोक्यावर जुन्या पद्धतीचे जाड हेडफोन चढवले आणि हातात बटण दिलं: आवाज आला की दाबायचं. बारीक बारीक टूं-टूं. काही मी खरे ऐकून दाबले, काही असावेत असं वाटून. बाहेर कागद निघाला. उजवा कान लाल गोल, डावा कान निळी फुली. लाल गोल बऱ्यापैकी एका रांगेत होते. निळ्या फुल्या दोन हजार हर्ट्झपर्यंत त्यांच्यासोबत चालल्या होत्या आणि पुढे जिना उतरल्यासारख्या खाली. जवारीची चमक या उतरलेल्या फुल्यांच्याच पट्ट्यात राहते.

तपासणाऱ्या बाईंनी विचारलं, "खूप आवाजात काम केलंय कधी?" कॉलेजात पाच गणपती पथकात ढोल वाजवला होता, ताशेवाले डाव्या हाताला असायचे. "असू शकेल, नक्की नाही सांगता येत," त्या म्हणाल्या. ऐंशी डेसिबल असेल तर आठवड्याला चाळीस तास, त्यापुढे नको, हा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब त्यांनी सांगितला. ताशाचे डेसिबल मी विचारले नाहीत.

"घरात कुणाला कमी ऐकू येत होतं?"

"नाही," मी म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं. चप्पल घालताना मी डाव्या बाजूचा तो मुलगा झालो, "आप्पा, आता कोण गातंय?" विचारणारा. परत आत जाऊन उत्तर बदलावं असं वाटलं. गेलो नाही.

फोनच्या सेटिंगमध्ये आवाजाचा डावा-उजवा तोल साधायची एक पट्टी असते. घरी येऊन ती डावीकडे सरकवली. थोडी, अजून थोडी. भीमसेनजी मध्ये येऊन बसले. जवारी नाही आली, पण ते आले.

संध्याकाळी बायकोनं फिरायला जाताना माझाच फोन आणि इअरफोन उचलला. कानात घातला आणि दारातूनच परत वळली.

"अहो, ह्यातला उजवा गेलाय."

मी म्हटलं, "असेल."