अपेक्षित साखर आणि पोत्यातली साखर जुळेना, तेव्हा

साखर कारखान्यात उसातली साखर कुठे कुठे गेली, त्या ताळेबंदाच्या सोप्या ओळी आधी उरकतो. १०० टन उसामागे बगॅस (चोथा) २९ टन, त्यात पोल (पोलरिमीटरवर मोजलेली साखर) २ टक्के, म्हणजे तूट ०.५८. प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) ४, पोल १.५, म्हणजे ०.०६. मोलॅसिस (मळी) ४.५, पोल ३०, म्हणजे १.३५. उसातला पोल १२.५ आणि साखरेत गेला १०.४, तर अज्ञात तूट ०.११. इथवर कुणाचंच भांडण नसतं.

भांडण एसजेएमच्या आकड्यावर, म्हणजे रसातल्या साखरेपैकी किती पोत्यात यायला हवी ते सांगणाऱ्या सूत्रावर. सूत्र साधं: एस(जे−एम) भागिले जे(एस−एम), एस, जे, एम म्हणजे अनुक्रमे साखर, रस आणि मोलॅसिस यांच्या शुद्धता; शुद्धता म्हणजे ब्रिक्समधला (विरघळलेल्या एकूण घन पदार्थातला) पोलचा टक्का. त्यातून निघालेली अपेक्षित साखर पोत्यांपेक्षा जास्त आली की सगळे पॅनवाल्यांकडे, म्हणजे रस आटवून दाणा धरणाऱ्यांकडे, बोट दाखवतात. मला याचा मनस्वी राग येतो. साखर खरोखर वाया जात असेल, म्हणजे कंडेन्सरच्या पाण्यात, गळतीत किंवा रसाच्या विघटनात, तर अज्ञात तूट वाढायला हवी. ती ०.११ वरच असेल आणि फक्त एसजेएमचा फरक वाढला असेल, तर पॅनवर जाऊ नका, स्पिंडल (ब्रिक्स मोजायचा तरंगता काटा) बघा.

नागपूरकडे डिसेंबरच्या पहाटे पारा १०-१२ वर असतो, फेब्रुवारीअखेर दुपारी तोच ३५ च्या घरात. स्पिंडल २० अंशांवर प्रमाणित आणि नमुना ३० अंशांचा, तर ब्रिक्स साधारण ०.७ कमी दिसतो. मिश्र रसाचा पोल १२.३, खरा ब्रिक्स १५.४, तर शुद्धता ७९.९. दुरुस्ती न करता १४.७ धरला की ती ८३.७ होते. मोलॅसिसची शुद्धता ३२ आणि साखरेची १०० धरली, तर पहिल्या शुद्धतेला रसातली ८८.२ टक्के साखर निघायला हवी, दुसरीला ९०.८. १०० टन उसामागे रसात आलेल्या ११.९२ पोलवर (१२.५ वजा बगॅसमधला ०.५८) हा फरक उसाच्या सुमारे ०.३२ टक्के. रोज २५०० टन गाळप असेल तर जवळजवळ ८० क्विंटल साखर, जी कधी नव्हतीच! मोलॅसिसचा ब्रिक्सही तसाच कमी घेतला तर त्याचीही शुद्धता फुगते आणि चूक अर्धीमुर्धी झाकली जाते; ते जास्त धोक्याचं.

म्हणून वहीत ब्रिक्सशेजारी नमुन्याचं तापमान लिहाच. स्पिंडलवर २० लिहिलंय की २७.५, तेही एकदा डोळ्यांनी बघा. दोन्ही प्रकार एकाच कपाटात सापडतात.

मॅसेक्विटमधल्या (पॅनमधून निघणारं दाणा आणि पाकाचं मिश्रण) दाण्याचा हिशेब याच धर्तीचा. मॅसेक्विटची शुद्धता ८६, मातृद्रवाची (दाण्याभोवतीच्या पाकाची) ६८, तर १८ (८६ वजा ६८) भागिले ३२ (१०० वजा ६८), म्हणजे घन पदार्थाच्या ५६.२५ टक्के दाणा; ब्रिक्स ९२ असेल तर १०० टनांत ५१.७५ टन. मातृद्रव नुच फिल्टरने (निर्वाताने ओढणारी गाळणी) आणि गरम असतानाच काढा. सेंट्रीफ्यूगलखालचं (दाणा वेगळा करणाऱ्या फिरत्या यंत्राखालचं) मोलॅसिस घेतलं तर धुण्याच्या पाण्याने विरघळलेला दाणा त्यात येतो. शुद्धता ७१ लागली की उत्तर थेट ५१.७ टक्क्यांवर उतरतं, आणि पुन्हा पॅनवाल्यांच्या नावाने ओरड.

यार्डात दोन दिवस उन्हात पडलेल्या उसाची नासाडी या ताळेबंदात दिसतच नाही, कारण उसातला पोल आपण मिश्र रस अधिक बगॅस असा मागून काढतो. तिथली तूट शोधायची तर मिश्र रसाची घसरलेली शुद्धता बघा.

हो, आणि श्मिट्झच्या तक्त्यात (पोलरिमीटरचं वाचन आणि ब्रिक्स यांवरून पोल देणारा तक्ता) पोल काढताना दुरुस्त न केलेलाच ब्रिक्स घ्यायचा. दुरुस्ती फक्त शुद्धतेसाठी.