तुम्ही विचारलंत म्हणून

"सिस्टर, खरे सांगा, तुम्ही लोक शाळा आणि दवाखाने काढता ते सेवेसाठी की धर्मांतरासाठी?" हा प्रश्न मला बीडच्या एसटीत शेजारी बसलेल्या गृहस्थांनी विचारला आहे, पालकसभा संपल्यावर मुलीची बॅग हातात धरून उभ्या असलेल्या वडिलांनी विचारला आहे, आणि लहानपणी माझ्याबरोबर बोरे वेचलेल्या मैत्रिणीनेही विचारला आहे. आजवर मी हसून वेळ मारून नेली. आता ते जमत नाही.

मी कॅथलिक सिस्टर आहे, म्हणजे व्रते घेऊन बायकांच्या धर्ममंडळात राहणारी. मी केरळची नाही, वैजापूर तालुक्यातली आहे. आमच्या घरात पणजोबांपासून ख्रिस्ती धर्म आहे आणि मी ज्वारीच्या भाकरीवर वाढले आहे. एकतीस वर्षे शिकवले, त्यात माझ्या एकाही विद्यार्थिनीने धर्म बदललेला नाही. एवढ्यावर उत्तर संपले असते तर बरे झाले असते. पण आमच्यातल्या कित्येक मंडळांना मिशनच्या कामासाठीच बोलावले गेले आणि श्रद्धेचा प्रसार हा त्यांच्या कामाचा उघड भाग होता, हे नाकारले तर मी खोटी ठरेन. कॅनडात मूळ रहिवाशांची मुले आईबापांपासून तोडून ज्या निवासी शाळांत ठेवली, तिथे सिस्टरही होत्या. २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिथे जाऊन क्षमा मागितली. आयर्लंडमधल्या ट्यूम गावी सिस्टरांच्या माता-बाल गृहात १९२५ ते १९६१ या काळात दगावलेल्या ७९६ मुलांची नावे कॅथरीन कॉर्लेस या बाईंनी मृत्यूच्या दाखल्यांतून शोधून काढली. ते वाचल्यापासून "आम्ही फक्त सेवा केली" हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही.

तरीही तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट मला मान्य नाही. चर्चने हुकूम सोडला आणि बायका शाळा काढायला निघाल्या, असे तुम्ही धरून चालता. घडले बहुतेक उलटे. इटलीतल्या ट्रेंट इथे भरलेल्या कॅथलिक धर्मपरिषदेने १५६३ मध्ये ठरवले, आणि पोप पायस पाचवे यांनी १५६६ मध्ये आणखी कडक केले, की व्रतस्थ बाईने मठाच्या भिंतीबाहेर पाऊल टाकायचे नाही. पॅरिसमध्ये १६३३ साली लुईज द मारियाक आणि व्हिन्सेंट द पॉल यांनी डॉटर्स ऑफ चॅरिटी हे मंडळ काढले, तेव्हा गल्लीबोळांतल्या आजाऱ्यांपर्यंत जाता यावे म्हणून त्या बायकांना मठवासिनी म्हणवून घेऊच दिले नाही. मुलींच्या शाळांसाठी मेरी वॉर्ड यांनी १६०९ पासून उभी केलेली संस्था पोप अर्बन आठवे यांनी १६३१ मध्ये मोडली आणि त्यांना म्युनिकच्या एका मठात कोंडून ठेवले. साधी व्रते घेऊन बाहेर काम करणाऱ्या सिस्टरांना रोमने पूर्ण मान्यता दिली ती १९०० साली. व्रतस्थ सिस्टरांना बाळंतपणे करण्याची मुभा तर १९३६ मध्ये मिळाली. रावळपिंडीच्या बायका पुरुष डॉक्टरकडे जात नाहीत म्हणून मरतात, हे डोळ्यांनी पाहिलेल्या डॉक्टर ॲना डेंगेल यांनी १९२५ मध्ये काढलेले मंडळ तोवर जाहीर व्रतांशिवाय काम करीत राहिले.

मंडळात नव्याने आलेल्या मुलींना मी हा इतिहास शिकवीत असे, आणि त्यात नॅनो नेगल यांच्यापाशी नेहमी अडखळत असे. कॅथलिकांच्या शिक्षणावर कायद्याने बंदी असताना या बाईंनी आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात गरिबांच्या मुलांसाठी लपूनछपून शाळा चालवल्या. मदतीला १७७१ मध्ये उर्सुलाइन या जुन्या मंडळाच्या सिस्टर आणल्या. पण त्या मठाबाहेर पडू शकत नसत, म्हणून १७७५ मध्ये गरिबांच्या दारी जाणारे वेगळे मंडळ काढले. १७८४ मध्ये त्या वारल्या, आणि १८०५ मध्ये त्यांच्याच मंडळाने मठाची बंदिस्ती पत्करली. त्या १८०५ च्या सिस्टरांचा मला संताप येई. बाईंनी उघडलेले दार यांनी आतून लावून घेतले, असे मी मुलींना सांगत असे.

दसरा होऊन आठवडा झाला असेल. डोंगरपट्ट्यातल्या एका गावची बाई सातवीतल्या मुलीला घेऊन माझ्या ऑफिसात आली. मी तेव्हा मुख्याध्यापिका होते. ऊसतोडीसाठी मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन झाली होती, परवा गाडी निघणार होती. तिथे राहायचे ते कोपीत, म्हणजे उसाच्या फडाजवळच्या झोपडीत. "चार-पाच महिन्यांचं काम हाय, सिस्टर. पोरगी अर्ध्या भाकरीवर राहील, पण तिला कोपीवर न्यायला लावू नका." आमचे मुलींचे बोर्डिंग पूर्वी होते. इंग्रजी माध्यमाचे वर्ग वाढले तसे ते आम्ही बंद केले, आणि त्या ठरावावर माझी सही आहे. मी सांगितले की परवानगी नाही, रात्री मुलींजवळ झोपायला सिस्टर नाही, पंचायत समितीत चौकशी करा, सरकारचे हंगामी वसतिगृह गावात सुरू होईल. यातले एकही वाक्य खोटे नव्हते. बाई म्हणाली, "ते सुरू व्हायच्या आधी गाडी जाईल." मुलगी दारात उभी होती. बोर्डिंगच्या लोखंडी कॉटा व्हरांड्यात एकावर एक रचलेल्या होत्या, भंगारवाला यायचा होता, आणि ती बोट हलवत त्या मोजत होती. आईने तिकडे पाहिले आणि विचारले, "खाटा तर हायेत की?"

मी तिला पाणी दिले. ती पाणी प्यायली, पदराने तोंड पुसले आणि मुलीचा हात धरून गेली. पुढच्या वर्षी, कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे उसाचा हंगाम संपल्यावर, ती मला बसस्टँडवर भेटली. पोर वयात आली, दिवसभर कोपीवर एकटी कशी ठेवायची, म्हणून लग्न लावून दिले. आता नवराबायको जोडीने कोयत्याला जातात, असे तिने सांगितले. तिच्या आवाजात तक्रार नव्हती.

सही करणारी मी अजून माझ्याशी वाद घालते. फी भरणाऱ्यांच्या पैशावर शिक्षकांचे पगार होतात, असे ती म्हणते, आणि ते खरेच आहे. आमच्या कित्येक जुन्या मंडळांनी श्रीमंतांच्या शाळेच्या फीवर शेजारी गरिबांची मोफत शाळा चालवली, हेही तिला माहीत आहे; पण मोफत शाळा आम्ही कधी बंद केली आणि फीची तेवढी ठेवली, यावर ती गप्प बसते. शिक्षणहक्क कायद्याने गरीब आणि वंचित मुलांसाठी ठेवायला लावलेल्या २५ टक्के जागांच्या अटीतून सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने आमच्यासारख्या अल्पसंख्याक शाळा वगळल्या. तो निकाल हाती आला त्या दिवशी मला हायसे वाटले होते, हे मी आज प्रथमच लिहीत आहे.

म्हणून धर्मांतराचा प्रश्न मला टोचत नाही, त्याचे उत्तर मी देऊ शकते. शाळा कुणासाठी, हे मला कोणी विचारत नाही. विचारले होते ते त्या बाईने, खाटांकडे बघून.

यंदा मी बोर्डिंग पुन्हा सुरू करण्याविषयी मंडळाला अर्ज दिला. कायद्याच्या अटी वाढल्या आहेत, सिस्टर कमी झाल्या आहेत, रात्री मुलींजवळ कोण राहणार, असे त्यांनी लेखी विचारले. मी राहीन, असे कळवले आहे. माझे वय त्रेसष्ट आहे हे त्यांना ठाऊक आहे. अजून उत्तर आलेले नाही, आणि दसरा जवळ आला आहे.